चोरी कुणाची?

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली निघाला. त्यातली त्याच नावाची कथा मी एकदा सातवीच्या वर्गात मुलांना झेपेल अशी सांगितली. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, “गुरुजी, त्यानं चोरलं तरी काय?”

प्रश्न टीकाकाराला शोभावा असा होता. चोरी म्हटली की मुद्देमाल आला. कथेचा नायक परमुलखात रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि जात सांगत नाही. म्हणून त्याला राहायला खोली मिळते, चार माणसांत मान मिळतो. मुद्देमाल काय तो एवढाच. जात उघडी पडताच त्याच्यावर मार बसतो. जे कोणाही माणसाला न मागता मिळावे, तेच घेणे इथे गुन्हा ठरते. वास्तविक घटनेच्या सतराव्या कलमाने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली होती. १९५५ साली ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदाही झाला. त्यानंतर आठ वर्षांनी आलेली ही कथा दाखवते की, भाड्याच्या खोलीच्या उंबरठ्यावर अजून जातीचाच कायदा चालतो.

बागुलांची भाषा भडक आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. काही जागी पात्रे बोलता बोलता भाषण करू लागतात. पण ज्याच्या पाठीवर वळ नाहीत त्याला संयम सोपा असतो, हेही विसरू नये. शिवाय या कथेची बांधणी मुळीच भाबडी नाही. जात लपवणाऱ्या नायकाशेजारी लेखकाने ती न लपवणारा काशीनाथ उभा केला आहे. लपवावी तर रात्रंदिवस भीती, सांगावी तर पदोपदी अपमान. तिसरी वाट नाही. हे बागुल सांगत बसत नाहीत, दोन माणसे समोरासमोर ठेवून दाखवतात.

हे लिहिताना माझीच एक कादंबरी मला आठवते. तीत एक म्हातारा महार आहे. तो इमानी आहे, पाटलाच्या उपकाराखाली वाकलेला आहे आणि शेवटच्या प्रकरणात वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणून मरतो. त्याचे कौतुक झाले, मीही सुखावलो. बागुल पुन्हा वाचल्यावर ध्यानात आले की, तीनशे पानांत मी त्या म्हाताऱ्याला एकदाही रागावू दिलेले नाही. वाचकाची दया त्याच्या पदरात घातली आणि त्याचा राग मात्र मी परस्पर काढून घेतला. त्या मुलाला मी त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. चोरी झाली ती अशी, आणि ती माझ्याच हातून झाली.

आता शेवटचे प्रकरण बदलून भागणार नाही. तो म्हातारा पहिल्या पानापासून पुन्हा लिहावा लागेल.