'वऱ्हाड निघालंय लंडनला' : नक्कल आणि अनुकरण

दुसऱ्याचे बोलणे हुबेहूब उच्चारणाऱ्यास आपण पोपट म्हणतो, अथवा नकलाकार म्हणून हसून सोडून देतो. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगाच्या वाट्यालाही बव्हंशी हेच आले. एका नटाने साकारलेली ५२ पात्रे आणि गिनीज बुकातील नोंद यांचीच चर्चा अधिक झाली. मोजदादीने समीक्षेची जागा घेतली. (शीर्षकातील 'वऱ्हाड' लग्नाचे आहे, प्रांत नव्हे, बोली मराठवाड्याची आहे.)

भरताने हासाच्या कारणांमध्ये दुसऱ्याच्या चेष्टांचे अनुकरण गणले आहे. पुढे अभिनवगुप्ताने नाट्य म्हणजे केवळ अनुकरण, हे श्रीशंकुकाचे मत खोडून काढले. या वादाचा मराठवाड्यातील वाचकाशी थेट संबंध आहे. आपली बोली रंगमंचावर ऐकू आली की प्रेक्षक हसतो. हसू नेमके कशाला येते, हा खरा प्रश्न होय. देशपांडे यांच्या प्रयोगात खेड्यातील माणसे लग्नासाठी विमानाने परदेशी निघतात. हसू उपजते ते या विसंगतीतून. उच्चार सदोष आहेत म्हणून ते येत नाही. पात्र स्वतःच्या बोलीत आत्मविश्वासाने वावरते, कोणाचीही क्षमा मागत नाही. म्हणूनच या प्रयोगास नक्कल म्हणणे आम्हास अपुरे वाटते.

मात्र या यशाची दुसरी बाजूही आहे. ध्वनिफितींमुळे देशपांडे यांचा आवाज घरोघरी पोहोचला आणि स्नेहसंमेलनांतून त्या आवाजाचीच नक्कल सुरू झाली. देशपांडे २००९ मध्ये निवर्तले. नंतर संदीप पाठक यांनी हा प्रयोग रंगभूमीवर आणला, तेव्हा नव्या नटात जुना कंठ शोधणारे प्रेक्षकही होते. ही अपेक्षा नटावर अन्याय करणारी आहे.

गोरेगावचा परिसर वाशीम जिल्ह्यालगतचा. येथे 'जायलो' आणि 'जाऊन राह्यलो' ही दोन्ही रूपे कानी पडतात. एका तालमीत येथील विद्यार्थी म्हातारीचे पात्र ध्वनिफितीबरहुकूम, श्वासासकट उभे करीत होता. हेच वाक्य तुझी आजी कसे म्हणेल, असे प्रस्तुत लेखकाने विचारले. तो बराच वेळ थांबला. मग हलक्या आवाजात, काहीसा संकोचून, त्याने ते म्हटले. त्याच्या दोन सोबत्यांनी चमकून पाहिले. हसले मात्र कोणी नाही.