जुरू, फकिरा आणि आपण

आमच्या महाविद्यालयात दर शनिवारी दुपारी मराठीची मुले एखादे पुस्तक घेऊन बसतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे हे तालुक्याचे गाव. मुले कोलाम, गोंड, बंजारा, बौद्ध. कापूसवेचणी सांभाळून शिकणारी. मागच्या हिवाळ्यात विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी घेतली होती. मी पुष्कळ बोललो. शोषण, व्यवस्था, विद्रोह हे शब्द किती वेळा वापरले याची गणती नाही. शेवटी मागच्या बाकावरचा एक गोंड मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, आमचा माणूस पुस्तकात येते तं एक तं मराले, नाई तं माराले. शिकाले काऊन येत नाई?”

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

सरकारविरुद्ध उभा राहिलेला माणूस मराठी वाचकाला प्रामुख्याने दोन साच्यांतून भेटतो. पहिला साचा थरारकथेचा. मी सालदाराचा मुलगा. घरात पुस्तक नव्हते. बाबुराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांच्या, वाचनालयातल्या फाटक्या रहस्यकथा हेच माझे पहिले वाङ्मय. त्यांना मी नावे ठेवणार नाही. वाचनाची गोडी त्यांनीच लावली. परंतु या प्रकाराचा एक नियम आहे. ‘कोणी केले?’ या प्रश्नासाठी दोनशे पाने खर्ची पडतात आणि ‘का केले?’ यासाठी दोन ओळी उरतात. या कथेत राजकारण आले, बॉम्ब आला, कट आला, की हा नियम घातक होतो. एक शूर अधिकारी असतो, एक घड्याळ टिकटिकत असते आणि पडद्यामागे पोरांची माथी भडकावणारा एखादा शिकलेला माणूस असतो. शेवटी शहर वाचते आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. हे वाचलेले शहर कोणाचे? त्यात आमची वस्ती कोठे असते? ती बहुधा छापा घालण्याची जागा म्हणून एका प्रकरणात येऊन जाते.

दुसरा साचा सहानुभूतीचा. विलास मनोहर हे हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहिलेले कार्यकर्ते. त्यांनी माडियांचे जगणे खुर्चीत बसून कल्पिलेले नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यांचा जुरू हा माडिया गोंड. शासन आणि नक्षलवादी या दोहोंच्या कचाट्यात तो सापडतो आणि मनात नसताना अखेर नक्षलवादी होतो. थरारकथा ज्या ‘का?’ला दोन ओळी देते त्याला येथे संपूर्ण कादंबरी दिलेली आहे. मराठी पांढरपेशा वाचकाला गडचिरोलीची बातमी उलट्या बाजूने वाचायला लावणारी ही कृती आहे आणि तिचे हे श्रेय कोणी नाकारू नये.

तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो शीर्षकातील ‘जन्म’ या शब्दापाशीच सुरू होतो. जन्म कोणी निवडत नाही. अन्यायाने ढकलले म्हणून जुरू नक्षलवादी झाला असे म्हटले, की अन्याय हा कर्ता होतो आणि जुरू हे केवळ कर्म उरते. पहिल्या साच्यात त्याचे डोके दुसऱ्या कोणी भडकावलेले असते, दुसऱ्यात परिस्थितीने. स्वतःचे डोके त्याला दोन्हीकडे नाही. दया आणि भीती या वरवर विरुद्ध दिसणाऱ्या भावना येथे एका ठिकाणी येऊन मिळतात. माझ्या विद्यार्थ्याला नेमके हेच खटकले होते.

जंगलातील हिंसेचे उदात्तीकरण करणाऱ्यांपैकी मी नाही. नक्षलवाद्यांनी गडचिरोलीत पाय ठेवला तो १९८० च्या सुमारास. तेव्हापासून खबऱ्या ठरवून ज्यांना मारले त्यांत आदिवासी किती होते हे तेथल्या कोणत्याही गावात विचारावे. एप्रिल २०१८ मध्ये भामरागड तालुक्यातील कसनासूर-बोरिया परिसरातील चकमकीनंतर नदीतून प्रेते काढली गेली. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाला. दोन्हीकडच्या मृतांच्या घरी जाऊन पाहिले तर चूल सारखीच दिसेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांच्या एका ज्येष्ठ नेत्याने ६० साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. थरारकथा येथे संपते. जुरूची गोष्ट मात्र संपत नाही. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक निघतच आहेत आणि त्या डोंगरावर त्याचा हक्क किती, हा प्रश्न बंदुकीआधी होता तेथेच आहे.

या ठिकाणी अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिच्यात थरार भरपूर आहे: घोडा आहे, रात्रीचे छापे आहेत, बेडसगावचा खजिना आहे. सरकारी दप्तराच्या भाषेत फकिरा हा अतिरेकीच. परंतु माणसे अन्नावाचून मरू लागतात तेव्हा तो माळवाडीचे धान्य लुटतो आणि ते वाटतो. हजेरीच्या कायद्याने मांगांना जन्मतः गुन्हेगार ठरवले जाते, तेव्हा तो त्या कायद्याला उत्तर देतो. आणि त्याची माणसे कोंडली जातात तेव्हा त्यांच्यासाठी तो आपण होऊन स्वाधीन होतो. लुटणेही त्याचा निर्णय, थांबणेही त्याचाच. जुरूला जे मिळाले नाही ते येथे आहे.

‘फकिरा’चीही चिकित्सा झाली पाहिजे. फकिराचा बाप राणोजी गावासाठी जोगणी आणताना जिवाला मुकतो. गावाचा मान वाढतो, जत्रा भरते. मांगवाडा मात्र गावकुसाबाहेर होता तेथेच राहतो. ज्या गावासाठी शिर द्यावे त्या गावात घर नाही, या विसंगतीपाशी कादंबरी थांबत नाही. पराक्रम दिसतो, गावगाड्याची रचना तशीच शिल्लक राहते. ही मर्यादा सांगितल्याने अण्णाभाऊ लहान होत नाहीत.

निव्वळ सरकारविरोध हे मूल्य होऊ शकत नाही, हेही आपण ध्यानात घ्यावे. अमेरिकेत विल्यम पिअर्स या गोऱ्या वर्चस्ववाद्याने १९७८ मध्ये ‘द टर्नर डायरीज’ नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचे नायक सरकार उलथवायला निघतात ते काळ्यांना व ज्यूंना संपवण्यासाठी. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा शहरात सरकारी इमारत उडवून १६८ माणसे मारणाऱ्या टिमोथी मॅकव्हेच्या गाडीत या कादंबरीची पाने सापडली. तोही बंडखोरच म्हणवत होता. म्हणून समीक्षेचा प्रश्न ‘हा सरकारच्या बाजूचा की विरुद्ध?’ असा असू नये. तो समतेसाठी उभा आहे की वर्चस्वासाठी, हा प्रश्न आधी विचारावा.

हे सारे वाङ्मयीन चर्चेपुरते राहिले असते तर मी लेख लिहिला नसता. परंतु थरारकथेचा साचा पुस्तकातून बाहेर पडून कधीचाच दप्तरात शिरला आहे. २००६ साली खैरलांजीत एक दलित कुटुंब ठार मारले गेले, विदर्भात लोक रस्त्यावर आले, तेव्हा तत्कालीन गृहमंत्र्यांनी आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचा संशय व्यक्त केला. दुःखाला स्वतःचे पाय असू शकतात हे मान्यच नव्हते! ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे वर्ध्याच्या साहित्य संमेलनाला गेले होते, जानेवारी २०११ मध्ये तेथेच त्यांना अटक झाली. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मधली सव्वातीन वर्षे कोणाच्या हिशेबात धरायची? २०१८ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली.

आणि हे उदाहरण तर आपल्या जिल्ह्यातले. वणी तालुक्यातील राजूर या गावी एका गरीब दलित कुटुंबात जन्मलेले आनंद तेलतुंबडे शिकून प्राध्यापक झाले, जातिव्यवस्थेवर ग्रंथ लिहिते झाले. १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, ते तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. जामिनावर बाहेर आले ते २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधानदिनी. दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा नाही असे उच्च न्यायालयाने जामीन देताना म्हटले होते. त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. परंतु राजूरचा मुलगा शिकला, आणि त्याच्यासाठी थरारकथेतल्या त्या ‘माथी भडकावणाऱ्या शिकलेल्या माणसाची’ जागा तयारच होती. आमच्यापैकी जे शिकले त्यांनी हे विसरू नये. मलाही एका सहकाऱ्याने चहा पिताना हसत विचारले, “काय सर, शनिवारी नक्षलवादी घडवता म्हणे?” हसण्यावारी नेले, पण त्या रात्री घरातले पुस्तकांचे कपाट मी नव्या नजरेने पाहिले. त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत रक्तरंजित मार्ग सोडा असे बजावले. हे वाक्य आपल्याला नेहमी ऐकवले जाते. त्याच भाषणात त्यांनी असाही इशारा दिला होता, की सामाजिक व आर्थिक विषमता लवकर दूर झाली नाही तर तिने होरपळलेले लोक ही लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. एक वाक्य आपल्यासाठी आणि दुसरे सत्तेसाठी होते. पहिले आपण पाळले. लाखोंचे मेळावे भरवले, निवेदने दिली, शाळा काढल्या. दुसऱ्याचे काय झाले, हे विचारणाऱ्याला अतिरेकी म्हणणे म्हणजे बाबासाहेबांचे भाषण अर्धे फाडणे होय.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी असे सांगेन: तुझा माणूस पुस्तकात शिकायला येत नाही, कारण शिकलेल्या जुरूचे काय करायचे हे दोन्ही साच्यांना ठाऊक नाही. तो दयेला पुरत नाही आणि गोळीलाही सापडत नाही. तो ग्रामसभेत उभा राहून वनहक्काचा दाव्याचा कागद मागतो, नकार आला तर लेखी मागतो आणि पुन्हा येतो. या चिकाटीत थरार नाही असे कोण म्हणेल? ती कादंबरी मराठीत यायची आहे. ती हेमलकशाला येऊन राहिलेल्या सद्भावी लेखकाकडून येणार नाही, माझ्याकडूनही बहुधा नाही.

तो मुलगा हल्ली शनिवारी वही घेऊन येतो. काय लिहितो हे मी अजून विचारलेले नाही.