ताटाचा वाटा : घरखर्चाच्या एका मोजपट्टीची तपासणी

घरखर्चावरून समाजाची सुस्थिती मोजण्याची पद्धत जुनी आहे. १८५७ साली सॅक्सनीतील संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल (मार्क्सचा मित्र एंगल्स तो वेगळा) याने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च अभ्यासून एक नियम मांडला : कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा मोठा. आजही हा वाटा घटला की समृद्धी वाढली असे मानले जाते. ग्रामीण भारतात १९९९-२००० मध्ये तो ५९.४ टक्के होता. २०२२-२३च्या पाहणीत ४६.४ टक्क्यांवर आला. घट खरी आहे. प्रश्न तिच्या अर्थाचा आहे.

त्यासाठी शंभर वर्षे मागे, मुंबईत जाऊ. सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये शहरातील कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिराज यांचा तिच्यावरील अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्नाचा वाटा भरला सुमारे ५७ टक्के. दोन पाहण्यांच्या व्याख्या सारख्या नाहीत, हे ध्यानात ठेवूनही एंगेलची पट्टी लावली, तर १९२१चा मुंबईकर कामगार विसाव्या शतकाच्या अखेरच्या ग्रामीण भारतापेक्षा किंचित सुखी ठरतो! पण तोच अहवाल सांगतो, की या कामगारांना मिळणारे धान्य दुष्काळसंहितेतल्या कमाल प्रमाणाइतके, पण मुंबईच्या तुरुंग-नियमावलीतल्या शिध्याहून कमी होते. बहुतेक कुटुंबे एकेका खोलीत राहत होती.

म्हणजे वाटा सत्तावन्नवर थांबला तो पोट भरले म्हणून नव्हे. भाडे, सरपण-दिवाबत्ती, कर्जाचे व्याज यांनी आपापला हिस्सा आधी उचलला होता. भाडे थकले तर खोली जाते, व्याज थकले तर सावकार दारात येतो. भाकरी अर्धी केली तर कोणी विचारायला येत नाही. घरखर्चात काटछाट होते ती ताटात, आणि ही काटछाट टक्केवारीत सुबत्तेसारखी दिसते.

आजच्या आकड्यांतही असे सापळे आहेत. आपल्या पाहणीत प्रत्यक्ष दिलेले भाडे दरडोई खर्चात धरले जाते. स्वतःच्या घराचे मानीव भाडे धरले जात नाही. बीडचा मजूर गावातले घर सोडून पुण्यात खोली घेतो. जेवण तेच, पण भाडे आणि बसभाडे वाढते. एकूण खर्च फुगतो, अन्नाचा वाटा उतरतो. कागदावर तो सुधारला. उलट, मोफत मिळालेल्या रेशनचे मूल्य ४६.४ टक्क्यांच्या मुख्य हिशेबात नाही. इथे ताटात धान्य खरोखर आले, पण खर्चात दिसले नाही. एक घट ओढाताणीची, दुसरी दिलाशाची. टक्केवारीत दोन्ही सारख्याच.

२०२३-२४ मध्ये ग्रामीण वाटा पुन्हा ४७ टक्क्यांवर चढला. तेवढ्यावरून गावे गरीब झाली असे म्हणता येणार नाही. दरडोई मासिक खर्चही ३,७७३ रुपयांवरून ४,१२२ रुपयांवर गेला होता. मग जो विवेक या चढाला लावायचा, तोच उताराला का नको?

पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१च्या आपल्या अभ्यासात वाट उलट धरली होती. आधी दरडोई रोज २,२५० उष्मांक ही गरज मानली. मग ती भागवणाऱ्या कुटुंबांचा खर्च पाहिला. १९६०-६१च्या किमतींनुसार खेड्यात दरडोई महिना १५ आणि शहरात २२.५० रुपये ही त्यांची रेषा होती. तिच्यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्यांच्या विचाराचा क्रम बरोबर होता : आधी ताट, मग पैसा.

घरखर्च हा निर्देशांक टाकाऊ नाही. तो एकटा वाचू नये, इतकेच. अन्नाच्या वाट्याशेजारी धान्य-डाळी-दुधाचे दरडोई प्रमाण, घरभाडे, औषधपाणी आणि कर्जाचे हप्ते मांडले, तरच कळेल की पैसा ताटातून उरला, की ताटातून काढला.