नवरा कोण, बायको कोण? : ‘मित्राची गोष्ट’ आणि समलिंगी नात्यातील हिंसा

30 डिसेंबर 2017 रोजी यवतमाळ शहरातील एका हॉटेलात दोन पुरुषांचा विवाहसोहळा झाला. 377 कलम तेव्हा शाबूत होते. बातमी देशभर गेली. अशा बातमीनंतर विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: यांतला नवरा कोण आणि बायको कोण? प्रश्न थट्टेचा वाटला तरी त्यामागे एक पक्के गृहीतक आहे. जोडपे म्हटले की एक हुकूम देणारा आणि एक ऐकणारा, एक हात उगारणारा आणि एक सोसणारा, असे ते गृहीतक. त्याच्यामुळे समलिंगी नात्यातील हिंसा आपल्याला एक तर दिसत नाही, किंवा दिसली तर चुकीच्या जागी दिसते. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’च्या आधारे हे तपासता येते.

1981 साली रंगभूमीवर आलेले हे नाटक स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कॉलेजविश्वात घडते. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा (ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली) कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि समोरच्या नायिकेत, नमा देशमुखमध्ये, गुंतते. गोष्ट सांगतो तो मित्राचा मित्र बापू. नमाच्या आयुष्यात मन्या दळवीही आहे. शेवटी नमा दुरावते आणि मित्रा आत्महत्या करते. या नाटकाची चर्चा बहुधा दोन अंगांनी झाली. एक, त्या काळात असा विषय मांडण्याचे धाडस. दुसरे, समाजाने चिरडलेली शोकात्म नायिका. दोन्ही अंगे खरी आहेत. पण दोन्हींत मित्रा आणि समाज एवढाच संघर्ष उरतो. मित्रा आणि नमा यांच्यात काय घडते, हे बाजूला पडते.

तिथे जे घडते ते प्रेम आहेच. पण मालकीही आहे. नमाने कोणाला भेटावे, कोणाशी बोलावे, यावर मित्राला हक्क हवा आहे. नमाचे मन डळमळले की मित्राचे प्रेम धाकाच्या भाषेत बोलू लागते. हे वर्तन एखाद्या नवऱ्याने केले असते तर आपण त्याला चटकन नाव दिले असते. मित्राच्या बाबतीत वाचक दोन पळवाटा शोधतो. ती ‘पुरुषी’ आहे, म्हणून वर्चस्व गाजवणे हा तिचा स्वभावच, ही पहिली. ती स्वतःच पीडित आहे, म्हणून तिच्या हातून होणारा जाच जाच नव्हेच, ही दुसरी. पहिलीत हिंसेचे कारण पँट-शर्टात शोधले जाते. दुसरीत हिंसा सहानुभूतीत विरघळते. नमाच्या वाट्याला तर आणखी सोपा शिक्का येतो: चंचल, फसवी बाई. दोन माणसांच्या मधे आणि दोघांच्याही दबावाखाली असलेली मुलगी काय करू शकत होती, हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

याचे एक कारण नाटकाच्या रचनेत आहे. निवेदन बापूचे आहे. तो मित्रावर माया करतो, तिच्यासाठी आपली खोली मोकळी करून देतो. त्यामुळे नमाला आपण त्याच्याच नजरेने पाहतो. तिचे एकटीचे असे बोलणे आपल्यापर्यंत येत नाही. ही तेंडुलकरांची उणीव नव्हे, मर्यादित निवेदकाची अपरिहार्यता आहे. समीक्षेने मात्र त्या निवेदकाचा पक्ष तपासल्याशिवाय उचलला.

नाटकात आणखी एक गोष्ट अचूक आली आहे. मित्राचे पत्र दळवीच्या हाती लागते आणि त्याचे शस्त्र होते. समलिंगी नात्यातील हिंसेचे हेच खास हत्यार असते: ‘घरी सांगेन, ऑफिसात सांगेन.’ नाटकात ते बाहेरच्या पुरुषाच्या हाती आहे. प्रत्यक्षात ते जोडीदाराच्याही हाती असते. दुसरे हत्यार म्हणजे जागा. भेटण्यासाठी उसनी खोली लागते तेव्हा तिची किल्ली, भाडे आणि गुपित ज्याच्याकडे, त्याच्याकडे सत्ता. कपडे कोणी कसे घातले याचा या सत्तेशी संबंध नाही. मऊ बोलणारा, घर सांभाळणारा, ‘बायको’ समजला गेलेला जोडीदारही ती वापरू शकतो.

हे केवळ साहित्यातले तर्क नाहीत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2010 साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात कधी तरी जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसल्याचे 43.8 टक्के समलिंगी स्त्रियांनी सांगितले. भिन्नलिंगी स्त्रियांत हे प्रमाण 35 टक्के होते. अशा समलिंगी स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींच्या बाबतीत हिंसा करणाऱ्या केवळ स्त्रियाच होत्या. उरलेल्यांच्या अनुभवात पुरुषही होते. हे आकडे आपल्याकडचे नाहीत आणि ‘ही नातीच वाईट’ असे म्हणायला ते आधार देत नाहीत. हिंसेला नवरा-बायको लागत नाहीत, एवढे मात्र ते सांगतात.

आता वणी, पुसद, दिग्रस किंवा उमरखेडच्या एखाद्या तरुणीचा विचार करू. तिची जोडीदार तिला मारते. ती कुठे जाणार? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात तक्रार ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच करता येत होती; हिरल हरसोरा खटल्यात 6 ऑक्टोबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द काढून टाकले. पण एकत्र राहणाऱ्या दोन स्त्रियांचे नाते ‘विवाहसदृश’ धरायचे का, हे कायदा स्पष्टपणे सांगत नाही. आणि 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. तरुण मुलगा असेल तर वाट आणखी अरुंद. हा कायदा पीडित म्हणून फक्त स्त्रीलाच ओळखतो. 2018 मध्ये 377 कलम सहमतीच्या संबंधांपुरते गेले, जबरदस्तीपुरते उरले; 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र ते कलमच नाही. बलात्काराच्या व्याख्येत पुरुष पीडित बसत नाही. कायद्याच्या मुळाशीही तोच प्रश्न आहे: यांतला नवरा कोण?

शिवाय तक्रार करायची म्हणजे आधी नाते उघड करायचे. जिथे पोलीस ठाण्यातला हवालदार काकांच्या ओळखीचा निघतो, तिथे हे सोपे नाही. समलिंगी समूहातही या विषयावर बोलताना संकोच असतो. मोठ्या कष्टाने मिळवलेली थोडीशी प्रतिष्ठा आपणच घालवतो आहोत, अशी भीती वाटते. ती समजण्यासारखी आहे. पण तिची किंमत मार खाणाऱ्याला मोजावी लागते.

म्हणून ‘मित्राची गोष्ट’ पुन्हा वाचताना मित्राबद्दलची करुणा कमी करायची गरज नाही. समाजाने तिच्यावर केलेला अन्याय आणि तिने नमावर टाकलेला दाब, ही दोन्ही वाक्ये एकाच लेखात खरी असू शकतात. स्त्रीवादी समीक्षेने ‘घर’ या शब्दामागची हिंसा उघड केली, तेव्हा घराची बदनामी झाल्याची ओरड झालीच होती. समलिंगी नात्यांना माणसांची नाती मानायचे असेल, तर त्यांतल्या प्रेमाइतकाच त्यांतला जाचही वाचता आला पाहिजे. त्याची सुरुवात नमाला काय म्हणायचे होते, हे विचारण्यापासून करता येईल.