‘सर्वोत्तम’ केडन्स, पण कशाच्या दृष्टीने?

सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, सल्ला ठरलेला: "केडन्स ९०च्या आसपास ठेव." केडन्स म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे. या सल्ल्याला छेद देणारा एक जुना पेपर आहे, कोस्ट आणि वेल्च यांचा, १९८५चा. संशोधनात येणाऱ्यांनी तो वाचावाच, आणि वाचताना त्याच्याशी थोडं भांडावंही.

त्यांनी सरावलेल्या सायकलपटूंना एर्गोमीटरवर १०० ते ३०० वॅटला वेगवेगळ्या केडन्सने पेडल मारायला लावलं आणि ऑक्सिजन किती लागतो ते मोजलं. सगळ्यात कमी ऑक्सिजन लागणारा केडन्स १०० वॅटला सुमारे ५०, तर ३०० वॅटला सुमारे ८० निघाला. पेपरचं खरं बळ इथेच आहे. एकच जादूचा आकडा नसतो, तो पॉवरबरोबर वर सरकतो. एकाच पॉवरवर प्रयोग केला असता तर हे दिसलंच नसतं.

माझी तक्रार शीर्षकातल्या ‘ऑप्टिमल’ शब्दाबद्दल आहे. मोजले ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके, आणि शब्द लावला ‘सर्वोत्तम’. आता साधं गणित करून बघा. २०० वॅट, क्रँक १७० मिलिमीटरचा. ६० फेऱ्यांना क्रँकला लंब लागणारा सरासरी जोर सुमारे १८७ न्यूटन, ९० फेऱ्यांना १२५. म्हणजे जोर एक तृतीयांशाने उतरला. हा फायदा ऑक्सिजनच्या आकड्यात कुठे दिसतो?

१९९२ साली आलक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच बाजू तपासली. त्यांनी ५० आणि १०० केडन्सची तुलना केली. ऑक्सिजनचा खर्च सारखाच ठेवूनही, ५०ला जलद आकुंचन पावणाऱ्या स्नायूतंतूंमधलं ग्लायकोजेन जास्त संपलं. हे तंतू लवकर थकतात. म्हणजे लांबच्या शर्यतीत ज्याचं मोल जास्त, तेच ऑक्सिजनच्या मापाला दिसत नाही.

यावरून १९८५चा निष्कर्ष चुकीचा ठरत नाही. त्याची हद्द कळते. ‘सर्वात कमी ऑक्सिजनचा केडन्स’ एवढंच म्हटलं असतं तर माझी काही हरकत नव्हती.

उद्या तुमच्या प्रस्तावात ‘ऑप्टिमल’ लिहाल, तेव्हा त्याच वाक्यात ‘कशाच्या दृष्टीने’ हेही लिहा. ते लिहिता येत नसेल, तर काय मोजायचं हेच अजून ठरलेलं नाही असं समजा.