खेळांतील सविकल्प समाधि

प्रौढ माणसें मेजाभोंवतीं बसून चार-चार तास राक्षस, चेटके आणि भुयारें यांच्या गोष्टींत रमतात, हें पाहून पुष्कळांस हंसूं येतें. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर पलायनवादाचा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो कितपत खरा?

केवळ इच्छापूर्तीच हवी असती, तर खेळाडूनें फांसा हातीं कशाला घेतला असता? येथें एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राचें वर्तन ठरवितात. आणि धाडस फळास येईल कीं नाहीं, हें बहुधा वीस बाजूंचा फांसा ठरवितो. अनेक बैठकांत वाढविलेलें पात्र एका दानानें मरूंही शकतें. मनोराज्यांत असा पराभव कोणी मागून घेत नाहीं.

न. चिं. केळकरांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत वाङ्मयानंदाचें मूळ ‘सविकल्प समाधींत’ दाखविलें: वाचक परकायाप्रवेश करतो, पण स्वतःस विसरत नाहीं. या खेळांत त्या समाधीस कर्तृत्वाची जोड मिळते. कादंबरीचा नायक चुकला तर वाचक नुसता हळहळतो. येथें निवड स्वतःची असते, आणि तिचीं फळें सोबत्यांसही भोगावीं लागतात.

या कथेची भाषा पुष्कळदां ओबडधोबड असते व बाहेरच्या श्रोत्यास ती नीरस वाटते, हा दोष मान्य केला पाहिजे. परंतु आपल्या निवडीचा भार चार स्नेह्यांसह वाहून कथा घडविण्याचा आनंद वाचनानें मिळत नाहीं. म्हणूनच शहाणीं माणसेंही पुढल्या बैठकीची वाट पाहतात.