मूलपेशींचा धडा आणि वडिलांची प्रोस्टेट

डोंबिवलीत विज्ञान शिक्षकांच्या एका बैठकीत दहावीच्या 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' या पाठावर बोलत होतो. चहाच्या वेळी एक शिक्षक बाजूला घेऊन म्हणाले, "सर, वडिलांना प्रोस्टेटचा त्रास आहे. ठाण्याचे एक ओळखीचे सांगत होते, स्टेम सेल टोचून ग्रंथी नवी करतात. मूलपेशींपासून नवा अवयव होतो, हे आपण वर्गात शिकवतोच. पैसे भरू का?"

या प्रश्नाचे मूळ पाठाच्या मांडणीत आहे. २०१८ साली आलेल्या या पुस्तकाने मूलपेशींना जागा दिली, हे स्वागतार्हच आहे. भ्रूणातील आणि प्रौढ शरीरातील मूलपेशी हा फरकही त्यात येतो. अडचण उपयोगांच्या यादीत आहे. थॅलसेमिया, रक्ताचा कर्करोग, मधुमेह, अल्झायमर आणि निकामी यकृत वा मूत्रपिंडाच्या जागी नवा अवयव, हे सारे तेथे एकाच रांगेत बसते. प्रत्यक्षात ही रांग एक नाही. अस्थिमज्जेचे रोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली केले आणि आज तो रूढ उपचार आहे. मधुमेहावरील मूलपेशी अजून चाचण्यांत आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेले पूर्ण मूत्रपिंड माणसात बसवणे मात्र आजही आशेच्याच सदरात मोडते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. मूलपेशी म्हणजे कणगीत जपून ठेवलेले बियाणे, असे चित्र मुलांच्या मनात उभे राहते. ते किती अपुरे आहे, हे प्रोस्टेटच, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीच, दाखवते. नर उंदराचे वृषण काढले की पुरुषी संप्रेरक मिळेनासे होते आणि ही ग्रंथी आकसते. संप्रेरक पुन्हा दिले की ती पूर्ववत वाढते. हे चक्र अनेकदा फिरवता येते. अर्थात, आकसलेल्या ग्रंथीत काही पेशी टिकून राहतात. २००८ साली तर निवडक खुणा असलेल्या एकाच पेशीचे रोपण करून उंदरात प्रोस्टेटची ऊती वाढवण्यात आली. बियाण्याची कल्पना पक्की झाली असे वाटले. परंतु २०२० साली न्यूयॉर्कमधील चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने दाखवले, की ग्रंथी पुन्हा उभारण्यात मोजक्या मूलपेशींचाच नव्हे, तर टिकून राहिलेल्या बहुतेक साध्या स्रावी पेशींचाही वाटा असतो. म्हणजे 'मूलपेशीपण' हा काही पेशींचा जन्मसिद्ध हक्क नाही. प्रसंग पडला तर कामकरी पेशीही ते काम अंगावर घेतात.

आता त्या शिक्षकांच्या वडिलांकडे येऊ. उतारवयात प्रोस्टेटचा जो नेहमीचा त्रास होतो, तो ग्रंथी झिजल्याने होत नाही, वाढल्याने होतो. अक्रोडाएवढी ग्रंथी फुगते आणि तिच्यातून जाणारा मूत्रमार्ग आवळला जातो. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. म्हणूनच औषधे एक तर मार्गाभोवतीचे स्नायू सैल करतात, नाही तर ग्रंथी लहान करतात. जी मुळातच जास्त वाढली आहे, तिचे पुनर्निर्माण करण्यात अर्थ तो काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्तविकारांसाठीच्या रोपणालाच रूढ उपचार मानले होते. बाकी वापर नियंत्रित चाचणीपुरता. पुढे गुडघ्याच्या झिजेसारख्या एखाद-दुसऱ्या विकारावरील उत्पादनाला परवानगी मिळाली. प्रोस्टेट त्यांत नाही.

शिक्षकांनी काय करावे? पाठातील यादी फळ्यावर लिहून तीन रकाने आखावेत : 'रूढ उपचार', 'चाचणी चालू', 'आशा'. प्रत्येक उपयोग कोठे बसतो, हे मुलांनाच शोधू द्यावे. एका तासिकेचे काम आहे. घरी आजोबांसमोर एखादी जाहिरात आली, तर त्यातला दावा कोणत्या रकान्यातला, हे नातवंडे विचारू लागतील.

त्या शिक्षकांना मी एवढेच सांगितले, की पैसे भरू नका, वडिलांना मूत्रविकारतज्ज्ञांकडे न्या. ते म्हणाले, "म्हणजे वर्गातले माझे वाक्यही बदलायला हवे." पाठाची खरी दुरुस्ती येथूनच सुरू होते.